पॉलिसीत नसलेल्या ऊर्मीचं वजन

मित्रांनो, आधी माझ्याकडे नीट बघून घ्या. गोल तबकडी, तडकलेली काच, वर एक कडी, खाली एक हूक, आणि मधोमध एक काळा काटा, जो कुणाच्या बापाला भीत नाही. मी एक जुना वजनकाटा आहे. कॅनडातल्या स्कारबरोत प्रफुल्ल आणि धम्मप्रिया यांच्या घरी, पुढच्या दाराजवळच्या कोटांच्या कपाटात माझा मुक्काम असतो. म्हातारपणी माणसानं शांत असावं म्हणतात. मी माणूस नाही, आणि शांतही नाही. मला राग आलेला आहे. चांगला चार वर्षं मुरलेला राग आहे, आणि आज तो मी तुमच्यासमोर मोकळा करणार आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. पत्रा कापला, आत स्प्रिंग बसवली, तोंडावर पंचवीस किलोपर्यंतचे आकडे छापले आणि मला सांगितलं, की बाबा रे, जेवढं टांगतील तेवढंच सांगायचं. कमी नाही, जास्त नाही. समोरच्याचं तोंड बघून तर मुळीच नाही. मी ते आजवर पाळलं आहे.

तुम्हाला वाटेल, मी बॅगा तोलायला जन्मलो. अजिबात नाही. मी बाळं तोलायला जन्मलो. सरकारी खरेदीत मला नागपूरजवळच्या एका वस्तीतल्या अंगणवाडीत पाठवलं. तिथे गंगुबाई सेविका होत्या. ही गंगुबाई म्हणजे आमच्या धम्मप्रियाची आई. आढ्याच्या हुकाला मला टांगायच्या, माझ्या हुकाला कापडी झोळी अडकवायच्या, रिकाम्या झोळीवर काटा शून्यावर आणायच्या आणि मग एकेक रडकं पोर त्यात घालायच्या. पोरं हातपाय झाडायची, मी गदगदा हलायचो. गंगुबाई माझ्या तबकडीला डोळे लावून थांबायच्या आणि काटा स्थिर झाला की मोठ्यानं वजन वाचायच्या. ते ऐकताना आयांचे चेहरे मी वरून बघायचो. पोर भरलं असलं की त्या पदरानं तोंड झाकून हसायच्या. ते दिवस माझे सर्वांत सुखाचे होते.

गंगुबाईंचा वस्तीत दरारा होता. नव्या सुना त्यांना टरकायच्या. "पाळी चुकली की पहिले माझ्याकडं यायचं आणि नाव सांगायचं. लपवून ठेवायचं नाही. लपवलं तर सोय कोण करणार?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की मला ते पाठ झालं. मित्रांनो, हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

मग नव्या पद्धतीचे काटे आले आणि मला भंगारात टाकलं. माझी काच तेव्हा तडकली. गंगुबाईंच्या जिवाला ते लागलं. त्यांनी भंगारवाल्याकडून मला रीतसर विकत घेतलं आणि घरी आणून फडक्यात गुंडाळून ठेवलं. पुढे धम्मप्रिया इंजिनीअर झाली, प्रफुल्लशी तिचं लग्न झालं आणि दोघं कॅनडाला निघाली. तेव्हा गंगुबाईंनी मला तिच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवलं. "विमानवाले वजनाले लई काटेकोर असतात म्हणते. ठेव सोबत," त्या म्हणाल्या. सोबत झोळीही दिली. झोळी कशाला, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

तर असा मी परदेशी आलो आणि माझा हुद्दा उतरला. बाळं तोलणारा मी, आता कुकर, लोणच्याच्या बरण्या आणि भेट म्हणून न्यायच्या चॉकलेटांच्या पिशव्या तोलू लागलो. पण मान मिळाला, हे खोटं कशाला बोलू? स्कारबरोतल्या निम्म्या मराठी घरांनी मला उसना नेला आहे. एकदा तर कुणाच्या तरी गाडीतून पाच-सहा तासांवरच्या ब्रॉसार्डपर्यंत जाऊन आलो. "धम्मप्रियाचा काटा काय म्हणतो?" असं विचारल्याशिवाय कुणी एअरपोर्टला निघत नसे. लोक माझ्याशी घासाघीसही करायचे. बॅगेखाली हळूच गुडघा लावायचे आणि म्हणायचे, बघ, आता बरोबर येतंय. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावायचो.

आता रागाच्या गोष्टीकडे येतो.

धम्मप्रियाला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा तिनं आनंदाच्या भरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. ऑफिसात सांगितलं, आंबेडकर असोसिएशनच्या बायकांना सांगितलं, नागपूरला तर आधीच. ते बाळ राहिलं नाही. मग ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्या सगळ्यांचे फोन आले. कुणी म्हणे, जास्त धावपळ केली असशील. कुणी म्हणे, विंटरमध्ये गाडीवरचा बर्फ काढायला वाकली असशील. फोन ठेवल्यावर ती माझ्या कपाटाच्या दाराला टेकून उभी राहायची. आत कोटांमध्ये मी आणि बाहेर ती. मला हात असते तर मी ते फोन उचलून आपटले असते.

म्हणून दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा गंगुबाईंनी फोनवर बजावलं, "तिसरा सरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. कोणाजवळच नाही." ऐकलंत? ज्या बाईनं वस्तीतल्या प्रत्येक सुनेला लपवू नको म्हणून दटावलं, तिनं स्वतःच्या लेकीला लपव म्हणून सांगितलं. भीती मोठी वाईट असते, मित्रांनो. शहाण्या बाईलाही ती स्वतःच्या शब्दावरून फिरवते.

नेमकं त्याच सुमारास धम्मप्रियाच्या धाकट्या बहिणीचं, जयंतीचं लग्न ठरलं. नागपूरला, ऐन उन्हाळ्यात. तेव्हा धम्मप्रियाला सातवा चालू असणार होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तब्येत ठीक राहिली तर सातव्यात विमानानं जायला हरकत नाही, मी पत्र देईन, आठवा लागायच्या आत मात्र परत या. सेल होता म्हणून तिकिटं जानेवारीतच काढली. आणि तिकिटं काढली म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्सही तेव्हाच काढायचा ठरला.

इन्शुरन्स काढायला कोण, तर नंदन. नंदन इथला इन्शुरन्स एजंट, पण मूळचा नागपूरचा, म्हणजे आपला माणूस. आपल्या माणसाला बोलवायचं तर ऑफिसात कशाला जायचं? रविवारी जेवायलाच बोलावलं. तो आला, त्याची बायको सीमा आली, शेजारचं एक जोडपंही आलं. कोट टांगून कपाटाचं दार त्यांनी उघडंच ठेवलं, म्हणून मला टेबल दिसत होतं. जेवणं झाली, ताटं सरकवली आणि नंदननं तिथेच टेबलावर लॅपटॉप उघडला. बाकीचे बडीशेप चघळत बघत बसले. नंदन एकेक प्रश्न मोठ्यानं विचारू लागला. "हार्ट? शुगर? बीपी?" प्रफुल्ल नाही, नाही म्हणत गेला. मग नंदननं डोळे मिचकावले. "आणि धम्मप्रियाताई, गुड न्यूज वगैरे?"

सगळे हसले. धम्मप्रियाच्या हातात वरणाचं पातेलं होतं. तिनं प्रफुल्लकडे पाहिलं, आणि मग म्हणाली, "नो."

नंदननं बोट दाबलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

ती खोटं बोलली, हे मी नाकारत नाही. मी काटा आहे, दोन्हीकडचं सांगणं मला भाग आहे. पण मला सांगा, हा प्रश्न विचारायची ही रीत झाली का? जेवणाच्या टेबलावर, चार माणसांत, बडीशेप खात, थट्टेत? जिनं एकदा सांगून मग तेवढ्याच लोकांचं सांत्वन सोसलं आहे, ती तिथे हो कशी म्हणेल? दार लावून, एकटीला, हळू आवाजात कुणी विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं. मी तिला ओळखतो.

तिसरा सरला. बाळ पोटात सुखरूप होतं. मग दोघांनी सगळ्यांना सांगितलं. नागपूरहून आलेल्या एकाजवळ गंगुबाईंनी संत्रा बर्फी पाठवली होती, ती वाटली. त्याच आठवड्यात नंदन आणि सीमा मला न्यायला आले. त्यांना इंडियाला जायचं होतं. प्रफुल्ल नुकताच ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आत आला होता. त्यानं मला कपाटातून काढून नंदनच्या हातात दिलं आणि दुसऱ्या हातात बर्फी दिली.

"नंदनभाऊ, एक विचारायचं होतं," प्रफुल्ल म्हणाला. "तेव्हा आम्ही नो म्हटलं होतं ना. सांगायची सोय नव्हती. आता पॉलिसीत काही चेंज करावं लागते का?"

"अरे, नॉर्मल प्रेग्नन्सी म्हणजे काय आजार आहे का?" नंदन बर्फी खात म्हणाला. "तू टेन्शन नको घेऊ. मी अपडेट करून टाकतो."

"नक्की ना?"

"सांगून राहिलो ना. डन."

सीमा दारात वाकून बूट घालत होती. तिनं ऐकलं. मी तर त्याच्या हातातच लटकत होतो. मित्रांनो, हे वाक्य मी जसंच्या तसं तुम्हाला सांगितलं आहे. एका ग्रॅमचाही फरक नाही.

मे महिन्यात आम्ही निघालो. हो, मीही. परतीच्या बॅगा कोण तोलणार? एअरपोर्टवर काउंटरवरच्या बाईनं धम्मप्रियाच्या पोटाकडे बघितलं आणि पत्र मागितलं. डॉक्टरीणबाईंचं पत्र तिनं पुढे केलं. बॅगा पट्ट्यावर ठेवल्या, तर माझ्या वजनात आणि त्यांच्या वजनात तसूभर फरक नव्हता. सगळं रीतीनं झालं. विमानात ती बाजूची सीट मागून बसली, सांगितल्याप्रमाणे मधून मधून उठून चालत राहिली. तिनं कशात हयगय केली, असं कुणी म्हणू नये, म्हणून सांगतो.

नागपूरच्या घरी बॅग उघडताना गंगुबाईंना मी दिसलो. "हा आहेच का अजून?" म्हणून त्यांनी मला पदरानं पुसलं. इतक्या वर्षांनी तो हात लागला आणि मला बरं वाटलं. जयंतीचं लग्न छान झालं. पांढऱ्या साडीत जयंती, शेजारी पांढऱ्याच साडीत पोट सांभाळत उभी धम्मप्रिया, सगळे मिळून त्रिशरण पंचशील म्हणताहेत, असं घरी आल्यावर सगळे पुन्हा पुन्हा सांगत होते. भगवानबाबा, म्हणजे धम्मप्रियाचे वडील, दोन्ही पोरींचा एकत्र फोटो निघाला म्हणून खूश होते.

परतीचं विमान चार दिवसांवर असताना, सकाळी पोहे खाता खाता धम्मप्रिया ताट सोडून उठली आणि जागेवरच थांबली. पाणी गेलं होतं. घरात एकच धावाधाव झाली. मी भिंतीच्या खिळ्यावर होतो. दार उघडं टाकून सगळे गेले. त्या रिकाम्या घरात पंखा फिरत होता आणि मी वाट बघत होतो.

संध्याकाळी प्रफुल्ल कपडे न्यायला आला, तेव्हा कळलं. मुलगी झाली होती. दीड किलोसुद्धा भरली नव्हती. काचेच्या पेटीत ठेवली होती. प्रफुल्ल खुर्चीवर बसला, पाकिटातलं इन्शुरन्सचं कार्ड काढलं आणि स्पीकर लावून फोन केला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तिला तो सगळं सांगत गेला. हॉस्पिटलला पैशांचा भरवसा हवा आहे, परतीचं विमान पुढे ढकलायचं आहे, बाळाला नेताना सोबत नर्स लागेल, असं डॉक्टर म्हणतात.

"आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन, सर," ती म्हणाली. "पण अर्ज करताना प्रेग्नन्सीला नो उत्तर दिलेलं आहे. त्यामुळे आईचा खर्च कव्हर होत नाही."

"आम्ही नंतर एजंटला सांगितलं होतं. ही सेड ही विल अपडेट."

"तसा काही रेकॉर्ड नाही, सर."

"आणि बाळ? बाळाचं तरी?"

तिनं कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "बाळाचं नाव पॉलिसीत नाही, सर."

हे ऐकलं आणि माझी स्प्रिंग आतल्या आत करकरली. कालपर्यंत जन्मलीच नव्हती, तिचं नाव कागदावर कुठून येणार होतं? पोटात होती, तेव्हा ती होती म्हणून आईला नाकारलं. बाहेर आली, तर ती कोण, म्हणून तिलाच नाकारलं. आईच्या वेळी मोजायची आणि स्वतःच्या वेळी मोजायची नाही? असल्या काट्याला बाजारात कुणी उभं करणार नाही. भाजीवाली बाईसुद्धा त्याला उचलून रस्त्यावर फेकून देईल. आणि वर म्हणे आय अंडरस्टँड. काय अंडरस्टँड, कप्पाळ?

प्रफुल्लनं मग नंदनला फोन लावला. नंदनचा आवाज आधी मोकळा होता, मग एकदम आखडला. "मी? मी असं काही म्हटलं, हे मला तर आठवत नाही, यार. तुम्ही नो म्हटलं, मी नो टाकलं. आता मी काय करणार?" प्रफुल्लनं फोन कापला. कपड्यांची पिशवी भरली आणि तो हॉस्पिटलला निघाला.

पुढचं मी ऐकीव सांगतो, कारण हॉस्पिटलात मी नव्हतो. गंगुबाईंनी घरी येऊन भगवानबाबांना सांगितलं, तेव्हा ऐकलं. धम्मप्रिया काचेच्या पेटीजवळून हलत नव्हती. बाळाला मदत का मिळत नाही, हे तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आई, ती पोटात होती आणि मी चार माणसांत तिला नाही म्हटलं. माझ्या तोंडानं नाही म्हटलं मी तिला." बस्स, एवढंच. हे सांगून गंगुबाईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "तिनं नाही म्हटलं, पण म्हणायला मी लावलं होतं," त्या म्हणाल्या.

पैशांचं भगवानबाबांनी बघितलं. कसं, ते त्यांनी कुणाला विचारू दिलं नाही. मला राग पैशांचा नव्हता, आजही नाही. त्या पोरीच्या मनात एक बोच रुतली होती. आपल्या एका शब्दामुळे आपलं लेकरू वाऱ्यावर पडलं, असं तिला वाटत होतं. आणि ज्याच्या एका खऱ्या शब्दानं ती बोच निघाली असती, तो माणूस स्कारबरोत आपलं तोंड वाचवून बसला होता. तेवढंच असतं तरी एक वेळ ठीक. तिकडे असोसिएशनच्या किचनमध्ये बोललं जाऊ लागलं, की धम्मप्रिया लपवून गेली, आता इन्शुरन्सवर आळ घेऊन राहिली.

बाळ टिकलं. ऊर्मी नाव ठेवलं. घरी आणलं, त्या दिवशी गंगुबाईंनी पाळण्याच्या कडीला मला टांगलं. ती जुनी झोळी आता कॅनडात होती, म्हणून स्वतःच्या मऊ लुगड्याची नवी शिवली. रिकाम्या झोळीवर काटा शून्यावर आणला. सगळं तसंच, वस्तीतल्यासारखं. आणि मग तो इवलासा जीव माझ्या हुकाला आला. मित्रांनो, मी तेव्हा श्वास घेत असतो, तर तो रोखून धरला असता. इतकं हलकं पोर मी आयुष्यात तोललं नव्हतं. धम्मप्रिया तोंड फिरवून खिडकीकडे उभी होती. तिला तबकडीकडे बघवत नव्हतं.

गंगुबाईंनी वजन वाचलं. हॉस्पिटलातल्यापेक्षा थोडं जास्त होतं. धम्मप्रिया तरी वळली नाही.

मग दर मंगळवारी झोळी लागायची. प्रफुल्लला नोकरीसाठी परत जावं लागलं होतं. तो फोनवर थांबायचा आणि गंगुबाई इकडून आकडा ओरडून सांगायच्या. काटा हळूहळू सरकत होता. एका मंगळवारी गंगुबाई भाजीला गेल्या होत्या, तर धम्मप्रियानं स्वतः झोळी लावली, स्वतः ऊर्मीला घातलं आणि माझ्यासमोर उभी राहून, डोळे न काढता, वजन वाचलं. मग झोळीसकट लेकीला छातीशी धरून बराच वेळ उभी राहिली. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, पासपोर्टचे सोपस्कार झाले आणि प्रफुल्ल दोघींना न्यायला आला. नर्स वगैरे कुणी नव्हतं. बापानं आणि आईनं आळीपाळीनं मांडीवर घेऊन समुद्र ओलांडला.

स्कारबरोच्या घरी प्रफुल्लनं पाठवलेल्या क्लेमला कंपनीचं उत्तर येऊन पडलं होतं. धम्मप्रियानं जाणूनबुजून खोटी माहिती दिली, असं त्यात होतं. तिनं ते वाचलं आणि मुकाट्यानं खालच्या खणात टाकलं. प्रफुल्ल अपील कर म्हणाला, तर म्हणाली, "काय लिहू? मी नो म्हटलंच होतं ना."

आणि मित्रांनो, त्या हिवाळ्यात एका शनिवारी बेल वाजली. दारात नंदन. मागे सीमा, टोपीवरचा बर्फ झटकत.

"धम्मप्रियाताई, काटा मिळेल काय? उद्या निघून राहिलो."

काय म्हणावं या माणसाला? प्रफुल्ल सोफ्यावरून उठला, त्याचे कान लाल झाले होते. पण धम्मप्रियानं त्याला हातानं थांबवलं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मिळेल ना. या ना आत. पण आधी माझं एक वजन व्हायचं आहे."

तिनं कपाटातले कोट एका बाजूला सारले आणि दांडीला मला अडकवलं. बेडरूममधून जुनी झोळी आणली, तीच, वस्तीतली. शून्यावर काटा आणला. मग ऊर्मीला आणून आत घातलं. ऊर्मी आता गुबगुबीत झाली होती आणि तिला झोके आवडायचे.

"वाचा नंदनभाऊ," धम्मप्रिया म्हणाली.

नंदन कसनुसा हसला. "हे काय आता?"

"वाचा तर."

त्यानं चष्मा पुसला आणि वाचलं. सहा किलोला थोडं कमी.

"म्हणजे आहे ना ही? की नाही?" ती म्हणाली. "मी हिला तुमच्यासमोर नाही म्हटलं होतं. ते माझं वजन आहे, मी उचलून राहिली. पण मग इथंच, याच दारात, बर्फी खाताना तुम्ही काय म्हटलं होतं, ते तुमचं आहे. तेवढं बोला आणि काटा घेऊन जा."

नंदन माझ्याकडे बघत होता, कारण दुसरीकडे कुठे बघावं, हे त्याला सुचत नसावं. मी काय करणार? मी माझा आकडा दाखवत राहिलो.

"सांगून टाका," मागून सीमा म्हणाली. "मी बूट घालत होती. मी ऐकलं आहे. तेव्हापासून मी हिच्या नजरेला नजर देऊ नाही शकली."

ऊर्मीनं झोळीतून हात काढून नंदनच्या मफलरचं टोक पकडलं होतं. ते तिच्या मुठीतून सोडवायचं त्याला धाडस झालं नाही.

"म्हटलं होतं," तो म्हणाला. "अपडेट करतो म्हटलं होतं. इंडियाला जायच्या गडबडीत विसरलो. मग तुमचा फोन आला, आणि लायसन्स जाईल म्हणून..." त्यानं चष्मा काढला. "तुमची चूक नव्हती, ताई. तुम्ही सांगितलं होतं."

धम्मप्रिया खाली बसली. कोटांच्या कपाटासमोर, जमिनीवर. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा रडली आणि सीमा बुटांसकट आत येऊन तिच्याशेजारी बसली.

त्या दिवशी मी नंदनच्या घरी गेलो. त्याच्या बॅगा तोलताना मनात आलं, चांगले चार किलो जास्त दाखवावेत आणि एअरपोर्टवर याला लोणच्याची बरणी उपसायला लावावी. पण नाही केलं. कारखान्यात दिलेला शब्द होता.

नंदननं कंपनीला खरं लिहून दिलं. त्याला तंबी मिळाली, लायसन्स राहिलं. कंपनीनं आईच्या खर्चापुरतं मान्य केलं आणि जाणूनबुजून हा शब्द मागे घेतला. बाळाबद्दल मात्र पुन्हा तेच, बाळाचं नाव पॉलिसीत नव्हतं. चार वर्षं झाली. त्यांचं अजून तेच आहे आणि माझा रागही अजून तोच आहे. ऊर्मी आता बालवाडीत जाते. परवा दोन्ही हातांनी माझ्या हुकाला लोंबकळून ओरडली, "आई, वे मी!" म्हणजे मला तोल. हूक वाकता वाकता वाचला, पण मी वजन बरोबर सांगितलं. या घरात तिची नोंद आहे आणि ती माझ्याकडे आहे.

मित्रांनो, मी म्हातारा काटा. मला कोरड्या जागी ठेवा, माझ्या स्प्रिंगला थेंबभर तेल द्या, मी आणखी बरीच वर्षं काम करीन. पण माझं एक मागणं आहे. कुणाला काही विचारायचं असेल, तर तिला उत्तर देता येईल अशा जागी विचारा. आणि करतो म्हटलं असेल, तर बर्फी गिळायच्या आत करा.

आमच्या घरात आता एक नवी रीत पडली आहे. गेल्याच आठवड्यात ईशानी नावाची एक नवी मुलगी मला न्यायला आली. लग्न नुकतंच झालेलं, नवरा गाडीत वाट बघत होता. धम्मप्रियानं मला लगेच दिलं नाही. तिला किचनमध्ये नेलं, दार लावून घेतलं, नळ बंद केला आणि हळू आवाजात विचारलं, "इन्शुरन्स काढला का? आणि मला सांगायचं नसेल तर नको सांगू. पण त्यांना सांगण्यासारखं काही आहे का?"

मी धम्मप्रियाच्या हातात होतो. ईशानीनं बंद दाराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "आहे. दुसरा चालू आहे. घरी कुणालाच माहीत नाही."

"माझ्याकडूनही कळणार नाही," धम्मप्रिया म्हणाली. तिनं मला टेबलावर ठेवलं, ईशानीला खुर्ची दिली आणि पॉलिसीवाल्यांचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.